तीन फवारण्या करूनही तुडतुड्यानं धान बसवला, शेजारची न फवारलेली बांधी हिरवीगार. असं का झालं?

बांधीवाला (साकोली, भंडारा)

नमस्कार मंडळी. मागच्या खरिपातली गोष्ट अजून मनात सलते आहे. यंदाची रोवणी होऊन सोळा दिवस झालेत, म्हणून आताच विचारून घेतो.

माझी दीड एकराची बांधी (धानाचं शेत), भारी म्हणजे उशिरा पिकणारा धान. मागच्या साली रोवणीनंतर वीस-बावीस दिवसांनी पानं गुंडाळलेली दिसली. दुकानात विचारलं, त्यांनी सायपरमेथ्रिन दिलं, ते मारलं. पानं सुधारली. ऑगस्टच्या शेवटी तुडतुडे दिसायला लागले म्हणून दुसरी फवारणी, धान पोटरीवर आला तेव्हा तिसरी. आणि दसऱ्याच्या सुमारास बांधीच्या मधोमध गोल चट्टे पडले. पहिल्या दिवशी परातीएवढे होते, आठ दिवसांत खळ्याएवढे झाले. चूड, म्हणजे एका जागी रोवलेल्या धानाचा झुपका, वाकवून पाहिली तर बुंध्याला तुडतुडे नुसते चिकटून बसलेले, हात लावला की बोटं चिकट व्हायची. तीस पोती व्हायची तिथे अकरा झाली.

धुऱ्याच्या पलीकडे आमच्या चुलत काकांची बांधी आहे. वाण तोच, रोवणी दोन दिवस मागेपुढे. त्यांनी एकदाही फवारलं नाही. तुडतुडे त्यांच्याकडेही होते, मी स्वतः पाहिले. पण धान कापणीपर्यंत उभा राहिला. काकांना विचारलं तर म्हणाले, "माझ्या बांधीत कोळी आहेत, तुझ्या बांधीत कुठे आहेत?" त्यापुढे त्यांनाही सांगता येईना.

पोरगा सातवीत आहे. त्याच्या पुस्तकात अन्नसाखळीचं चित्र आहे: गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड. मी त्याला विचारलं, यात तुडतुडा कुठे बसतो आणि त्याला खातो कोण? त्याला येईना आणि मलाही येईना. औषधानं कीड मरते हे डोळ्यांनी पाहिलं आहे. मग माझ्याच बांधीत ती वाढली कशी?

शिवारफेरी (पवनी)

युरिया किती टाकला होता? पोटरीच्या आधी जास्त नत्र पडलं की धान लुसलुशीत होतो आणि तुडतुड्याला तेच हवं असतं. दाट रोवणी आणि सतत भरलेलं पाणी, याही दोन गोष्टी तपासा. तुडतुडे दिसले की तीन-चार दिवस बांधीतलं पाणी काढून टाकायचं. रोवणी करताना मध्ये पट्टे सोडले तर बुंध्याशी हवा खेळते. बाकी कोळ्यांचं मला फारसं माहीत नाही, जाणकारांनी सांगावं.

चूडमोजणी (अर्जुनी मोरगाव, गोंदिया)

बांधीवाला दादा, तुमचे काका बरोबर बोलले. मी जरा लांब लिहिते, कारण हे समजायला मला स्वतःला दोन हंगाम लागले होते.

नऊ वर्षांपूर्वी आमच्या गावात कृषी विभागाची शेतीशाळा झाली, तिथे मी बसले. तेव्हापासून दर आठवड्याला बांधीत आडवी-तिडवी फिरून वीस चुडी मोजते: तुडतुडे किती, कोळी किती, मिरीड (तुडतुड्याची अंडी खाणारा बारका ढेकूण) किती. वह्या सगळ्या ठेवल्या आहेत.

आधी तुडतुड्याचं घ्या. मादी अंडी घालते ती पानाच्या त्या भागात, जो खोडाला लपेटलेला असतो. आतमध्ये, पेशी चिरून. तुम्ही वरून फवारता तेव्हा औषध अंड्यापर्यंत पोचतच नाही. वरचे तुडतुडे मरतात, म्हणून दुसऱ्या दिवशी बांधी साफ दिसते आणि माणसाला समाधान वाटतं. पण त्याच फवाऱ्यात कोळी मेले, मिरीड मेले, पाण्यावर पळणारे बारके ढेकूण मेले. आठवड्याभरात अंडी फुटतात. पिल्लं बाहेर येतात तेव्हा त्यांना खाणारं बांधीत कोणी उरलेलं नसतं. एक मादी दोनशे-तीनशे अंडी घालते आणि महिन्याभरात पुढची पिढी तयार होते. कोळ्याला वाढायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे प्रत्येक फवारणीनंतर कीड लवकर उठते आणि तिचा शिकारी मागे पडतो. सायपरमेथ्रिनच्या गटातली औषधं मारल्यावर तुडतुडे उलट वाढतात, हे भातसंशोधनात जुनं आणि पक्कं झालेलं निरीक्षण आहे. पानं गुंडाळणाऱ्या अळीसाठी तुम्ही जी पहिली फवारणी केली, तिथेच दसऱ्याच्या चट्ट्यांची सुरुवात झाली, असं मला वाटतं.

आता तो कोळी कोण ते सांगते. जाळं विणणारा नव्हे. बुंध्याशी पळापळ करणारा, करड्या रंगाचा, पाठीवर जेवायच्या काट्यासारखी फाटे असलेली फिकट खूण असलेला. त्याला लांडगा कोळी म्हणतात. हा पाण्यावरूनसुद्धा धावतो. दिवसाला पाच ते पंधरा किडे सहज खातो. एकदा सप्टेंबरात मी चूड वाकवली, तर एक मादी पोटाच्या टोकाला पांढरी गोल पिशवी बांधून फिरत होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. मी तिथेच वाकून बसले. त्या पिशवीसकट तिनं एक तुडतुडा धरला, तोंडात दाबला आणि चुडीच्या मागच्या बाजूला गेली. पुढच्या आठवड्यात तशीच एक मादी दिसली, तिच्या पाठीवर पिल्लांचा थर होता, इतका दाट की तिची पाठ दिसेना. एका चुडीतल्या एका आईच्या पाठीवर बांधीचे एवढे राखणदार बसलेले, आणि आपण पंप घेऊन निघालेलो असतो. त्या दिवशी मी पंप शेजारणीला परत दिला.

मिरीड ढेकूण तर अजून बारका, हिरवट, डोकं काळं. तो तुडतुड्याची अंडी शोधून सोंडेनं शोषून घेतो, म्हणजे जिथे आपलं औषध पोचत नाही तिथे हा पोचतो. नवा माणूस त्यालाच कीड समजून फवारतो. आणि चुडीला टिचकी मारा, पिल्लू तुडतुडे पाण्यावर पडतील. क्षणभर थांबून पाहा. पाण्यावरचे बारके ढेकूण तीन-तीन, चार-चार मिळून एकेका पिल्लावर तुटून पडतात.

पण खरी गोष्ट पुढे आहे, आणि तुमच्या काकांच्या बांधीचं उत्तर त्यातच असावं. तुडतुडे येतात ऑगस्ट-सप्टेंबरात. मग जुलैत, रोवणीनंतरच्या पहिल्या महिन्यात, कोळी जगतात कशावर? शेतीशाळेत हा प्रश्न कोणी विचारला असता तर मला उत्तर देता आलं नसतं. याचा मोठा अभ्यास इंडोनेशियात जावा बेटावरच्या भातशेतीत झाला, १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं: चिखलात शेणखत, धसकटं, कुजलेला पालापाचोळा असतो. त्यावर जीवाणू आणि शेवाळ वाढतं. त्यावर न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्या वाढतात. चिखलात हात घालून धुतला की लाल दोऱ्यासारख्या दिसतात, त्या याच. ही चिलटं रोवणीनंतर लगेच ढगानं निघतात. धानाला त्यांचा काही त्रास नाही. पण कोळी, चतुर, पाण्यावरचे ढेकूण, सगळे या चिलटांवर पोसतात आणि वाढतात. तुडतुडे येऊन पोचतात तेव्हा शिकारी आधीच बांधीत भरलेले असतात.

म्हणजे दादा, पोराच्या पुस्तकातल्या चित्राची सुरुवात हिरव्या गवतापासून होते, आणि आपल्या बांधीतली अर्धी सुरुवात कुजलेल्या शेणापासून होते. एक बाजू हिरव्या धानाकडून येते, दुसरी खालच्या चिखलाकडून, आणि कोळी दोन्हीकडून खातो. त्याला साखळी कशी म्हणणार? ते जाळंच आहे. रोवणीनंतर विसाव्या दिवशी केलेल्या फवारणीनं तुम्ही चिलटंही मारली आणि त्यांच्यावर वाढणारे कोळीही. पानं गुंडाळणाऱ्या अळीसाठी त्या वयात फवारायची सहसा गरजच नसते. तरणा धान नवी पानं काढून तेवढी झीज भरून काढतो. व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यात १९९४ पासून शेतकऱ्यांना हेच सांगितलं गेलं: पहिले ४० दिवस पानं खाणाऱ्या किडींसाठी फवारू नका. त्यांनी स्वतःच्या शेताचा एक तुकडा न फवारता ठेवून पाहिला आणि उत्पादनात फरक दिसेना.

इंडोनेशियाचा आधीचा इतिहासही आपल्यासारख्यांनी ऐकावा असा आहे. तिथल्या सरकारनं वर्षानुवर्षं कीटकनाशकांवर मोठी सबसिडी दिली, आणि जितकी फवारणी वाढली तितके तुडतुडे वाढले. शेवटी १९८६ च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी एका आदेशानं भातावरची ५७ कीटकनाशकं बंद केली. नंतर सबसिडीही काढून घेतली. भाताचं उत्पादन त्यामुळे घटलं नाही. तिथेच १९८९ मध्ये शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या, ज्यांची पद्धत पुढे आपल्या गावांपर्यंत आली. मी ज्या शाळेत बसले तिचं मूळ तिकडे जावात आहे, हे मला फार नंतर कळलं आणि फार बरं वाटलं.

तुमच्या काकांची बांधी बोडीला (छोट्या तळ्याला) लागून आहे का? आणि शेणखत टाकतात का? सांगा.

मोहाडीचा शेतकरी (भंडारा)

ताई, ऐकायला चांगलं आहे, पण माझा अनुभव वेगळा आहे. तीन वर्षांमागे मीही मित्रकीटकांच्या भरवशावर बसलो. गादमाशी आली. बांधीत जिकडेतिकडे चंदेरी पोंगे, म्हणजे लोंबी न येणारे पोकळ फुटवे. अर्धा धान लोंबलाच नाही. कोळी होते की! गादमाशीचा किडा पोंग्याच्या आत बसलेला, कोळी त्याला काय करणार? कर्ज काढून शेती करणाऱ्याला "थांबा आणि पाहा" म्हणणं सोपं असतं.

चूडमोजणी (अर्जुनी मोरगाव, गोंदिया)

दादा, तुमचं नुकसान झालं ते वाईट झालं, आणि तुमचं म्हणणं खरं आहे. पोंग्यातल्या अळीपर्यंत कोळी पोचत नाही. कधीच फवारू नका असं मी म्हणत नाही. मोजल्याशिवाय फवारू नका, एवढंच म्हणते.

गादमाशीचा शत्रू वेगळा आहे. प्लॅटिगॅस्टर नावाची एक गांधीलमाशीच्या कुळातली माशी, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी. ती गादमाशीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. गादमाशीची अळी वाढते आणि तिच्या आत हिची पिल्लं वाढतात. शेवटी एका अळीतून अनेक माश्या बाहेर पडतात. पोंगे उपटून उभे चिरून पाहा. आत गुलाबी-लालसर अळी निरोगी असेल तर धोका आहे. पण अळीचं नुसतं कवच दाण्यांनी भरल्यासारखं दिसलं, तर ती माशी कामाला लागली आहे. असे पोंगे जाळू नयेत. आमच्याकडे ते जमा करून नव्यानं कीड लागलेल्या बांधीत टाकतात.

पण ही माशी किडीच्या मागून येते, म्हणून पहिला फटका बसतोच. आपल्या पट्ट्यात गादमाशी दरवर्षीची आहे. तिथे प्रतिकारक वाण आणि वेळेवर रोवणी याला पर्याय नाही. उशिरा रोवलेला धान तिला सापडतो. कोणत्या किडीला जाळ्यातलं कोण आवरतं हे प्रत्येक किडीचं वेगळं आहे. तुडतुड्याचा हिशेब गादमाशीला लावला तर माणूस फसतो, आणि तुम्ही फसलात ते सांगणाऱ्यानं अर्धंच सांगितल्यामुळे.

मिरगाचा पाऊस (कुडाळ, सिंधुदुर्ग)

आमच्याकडे कोकणात बांधीला कुणगो म्हणतात, बाकी गोष्ट तीच. मी प्राथमिक शाळेत शिकवतो. या धाग्यात बेडूक कोणी काढला नाही म्हणून लिहितो.

मिरग लागला की पहिल्या दोन-तीन रात्री मोठे बेडूक बाहेर येतात, नर पिवळेधमक होऊन डरकाळ्या फोडतात. त्याच रात्री पोती आणि बॅटऱ्या घेऊन माणसंही बाहेर पडतात. अंडी घालायच्या आधीच बेडूक पोत्यात जातो. एकेकाळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या हजारो टनांनी परदेशी जात. १९८७ साली ती निर्यात बंद झाली. वन्यजीव कायद्यानं बेडूक मारणं गुन्हा आहे, तरी पावसाळ्याच्या तोंडावर हे चालतं आणि ते पाहून माझ्या पोटात तुटतं.

मी पोरांना शेतात नेऊन एकच काम देतो: प्रत्येकानं एक प्राणी व्हायचं आणि आपण ज्याला खातो त्याच्या हातात सुतळीचं टोक द्यायचं. बेडूक झालेल्या पोराकडे नेहमी सगळ्यात जास्त सुतळ्या जमतात. तो नाकतोडा खातो, खेकड्याचं पिल्लू खातो, उंदराचं पिल्लू खातो, लहान बेडूकही खातो. एका मुलीनं मग विचारलं, "गुरुजी, बेडकाचं पिल्लू तर शेवाळ खातं. मग मी दोन ठिकाणी उभी राहू का?" मी तिला दोन ठिकाणी उभं केलं.

चूडमोजणी (अर्जुनी मोरगाव, गोंदिया)

गुरुजी, तुमच्या त्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा. बेडूक कोळ्यालाही खातो, हेही सुतळीत धरा. मला आधी त्याचं वाईट वाटायचं. पण वह्यांत असं दिसतं की ज्या बांधीत दोघेही भरपूर असतात तिथे तुडतुडे सहसा उठत नाहीत.

बांधीवाला (साकोली, भंडारा)

ताई, सगळं दोनदा वाचलं. घरात मोठ्यानं वाचून दाखवलं, आई पण ऐकत होती.

काकांची बांधी बोडीच्या खालच्या अंगाला आहे. दरवर्षी बारा-पंधरा गाड्या शेणखत टाकतात. धुऱ्यावर तूर असते, तिच्या बाजूनं काकू तीळ टाकते. मी धुरे मागच्या साली तणनाशकानं साफ केले होते. आता ते आठवून जीव हळहळला.

काल पोराला घेऊन बांधीत गेलो. चिखल धुऊन पाहिला. माझ्या बांधीत लाल दोरे दोन-चार, काकांच्या बांधीत मूठभर चिखलात मोजता येईनात. पोरगा पळत घरी गेला आणि पुस्तकातल्या चित्राखाली पेन्सिलीनं शेणाची टोपली काढून आला.

आज रोवणीला सव्वीस दिवस. पानं गुंडाळलेली दिसताहेत, पाच-सहा चुडींत एखादं. दुकानातून फोन आला होता, औषध आलंय म्हणून. मी आणलं नाही. पण रात्री झोप लागत नाही हे खरं. पुढे तुडतुडे आले तर किती असले म्हणजे फवारायचं?

चूडमोजणी (अर्जुनी मोरगाव, गोंदिया)

झोप लागत नाही हे समजू शकते. माझा पहिला हंगाम तसाच गेला होता.

काकूंचा तीळ फार मोलाचा आहे. चीन, थायलंड आणि व्हिएतनाम या तीन देशांत मिळून भातशेतावर प्रयोग झाले, बांधांवर तीळ आणि फुलझाडं लावून. त्या फुलांच्या मधावर तुडतुड्याच्या अंड्यांत अंडी घालणाऱ्या बारक्या माश्या जगतात. फवारण्या ७० टक्क्यांनी कमी झाल्या आणि उत्पादन ५ टक्के वाढलं. यंदा धुऱ्यावर जे उगवलंय ते उगवू द्या, पुढच्या साली काकूंकडून बी घ्या.

मोजायचं असं. बांधीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याला चालत जा, वाटेत दहा चुडी, मग दुसऱ्या तिरकीवर दहा. प्रत्येक चूड हळूच वाकवायची आणि बुंध्याला पाहायचं, पानांना नाही. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. आपल्याकडे सांगतात की चुडीला सरासरी दहा तुडतुडे झाले की फवारणीचा विचार करावा. पण कोळी आणि मिरीड चांगले असतील तर मी तिथेही चार दिवस थांबते, पाणी काढते आणि पुन्हा मोजते. वाढले तरच औषध, तेही पायरेथ्रॉइड (सायपरमेथ्रिनच्या) गटातलं कधीच नाही, आणि नोझल बुंध्यावर धरून, जिथे चट्टा आहे तेवढ्यातच.

पानं गुंडाळलीत ती गुंडाळलेली राहू द्या.

बांधीवाला (साकोली, भंडारा)

ताई, सात आठवड्यांनी लिहितोय. आज सकाळी पोरानं आणि मी वीस चुडी मोजल्या. सरासरी चुडीला सात तुडतुडे, कोळी दीड, मिरीड तीन. एका कोळ्याच्या पोटाला तुम्ही लिहिली तशी पांढरी पिशवी होती. पोरगा तिथून हलेना.

पाणी काढलंय. काय करू?

चूडमोजणी (अर्जुनी मोरगाव, गोंदिया)

काही करू नका. सोमवारी पुन्हा मोजा आणि त्याच चुडीपासून सुरुवात करा, जिथे ती पिशवीवाली दिसली होती.